बस्त्याचा हिशेब

तुळशीची लग्ने लागली की पुण्यात लग्नसराईला आरंभ होतो. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, रविवार पेठ आणि तुळशीबाग या भागांत चालायला वाट मिळेनाशी होते. कापडाच्या मोठ्या दुकानांतून पांढऱ्या गाद्यांवर दोन्ही पक्षांची मंडळी समोरासमोर बसतात, साड्यांच्या घड्या एकामागून एक उलगडल्या जातात, रंग, काठ आणि पदर यांवर खल होतो, आणि दोन-तीन तासांनी बस्ता बांधून मंडळी बाहेर पडतात. पुढे शिंप्याकडे फेऱ्या सुरू होतात. ब्लाउज मुंढ्यात आवळतो, गळा उतरतो, बाही वर चढते. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत ही उसवाउसवी चालू राहते.

समाजवादी चळवळीने या साऱ्या व्यवहाराकडे आजवर एकाच दृष्टीने पाहिले आहे. ती दृष्टी म्हणजे उधळपट्टीच्या निषेधाची. सेवादलाच्या संस्कारात वाढलेल्या अनेक जोडप्यांनी खादीच्या कपड्यात, एकमेकांना सुताचे हार घालून विवाह केले, आणि त्या साधेपणाला तेज होते यात शंका नाही. परंतु निषेधाच्या भरात एक गोष्ट नजरेआड झाली. बस्त्यात खर्च किती झाला, हे मोजले गेले. तो पैसा कोणाच्या हाती गेला आणि कोणाच्या हाती गेला नाही, हे मोजले गेले नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, आणि समाजवादाच्या दृष्टीने तर तोच मूळ प्रश्न आहे.

उपदेशाची मर्यादा

गरिबाच्या लग्नखर्चावर बोट ठेवणे ही राज्यकर्त्यांची जुनी सवय आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा तो उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असा त्या काळी सरकारी वर्तुळात सर्रास समज होता. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र, तो सरकारनेच नेमलेला असूनही, या समजाला दुजोरा दिला नाही. लग्नाचा खर्च रयतेच्या ऐपतीच्या मानाने जास्त असला, तरी असे प्रसंग क्वचित येतात. कर्जाचे कारण म्हणून या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. अनेक वर्षांचा हिशेब धरला तर त्या माणसाने आपल्या सुखसमारंभावर एवढा खर्च करणे गैर ठरत नाही, असा त्या अहवालाचा आशय आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका साम्राज्यवादी सरकारच्या आयोगाला जे उमगले, ते आजच्या व्याख्यात्यांना उमगू नये, हे आश्चर्य आहे. कर्जाची मुळे शोधायची तर ती सारा, सावकारी आणि पावसाची लहर यांत शोधावी लागतात. ती मुलीच्या शालूत शोधणे सोपे असते, एवढेच.

उपदेश फळाला आला तर काय होते, याचाही अनुभव अलीकडेच मिळाला. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली, ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. त्या वर्षी विवाहसमारंभाला पन्नास माणसांची मर्यादा पडली. २०२१ च्या एप्रिलात महाराष्ट्रात ती पंचवीसवर आली. जे कोणत्याही सुधारकाला साधले नव्हते ते एका सरकारी आदेशाने साधले. बस्ते आकसले, शालू लांबणीवर पडले. पण त्या वाचलेल्या पैशातून कोणता समाजवाद उभा राहिला? येवल्याचे हातमाग थांबले, पुण्याच्या वस्त्यांतील शिलाईयंत्रे गप्प झाली, आणि ज्यांच्या पोटाचा आधारच लग्नसराई होता ती माणसे उसनवारीवर जगली. त्याच २०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केले, याची फारशी चर्चाही झाली नाही.

खर्च थांबला म्हणजे अन्याय थांबला असे होत नाही. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. म्हणून खर्च करू नका, एवढे सांगून भागत नाही. कोणता खर्च, कोणासाठी आणि कोणाच्या मजुरीवर, हे सांगावे लागते.

वस्त्र आणि प्रतिष्ठा

नटण्याची हौस ही बुर्झ्वा वृत्ती आहे, असा एक कोरडा समज डाव्या वर्तुळात अजून तग धरून आहे. पुण्याच्या सुधारणेचा इतिहास जाणणाऱ्याने तरी तो बाळगू नये. याच शहरात विधवेच्या डोक्यावरचे केस उतरवून तिला लाल आलवण नेसायला लावले जात होते. रंगीत लुगडे, कुंकू आणि बांगडी यांचा हक्क तिच्याकडून काढून घेतलेला होता. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवेशी विवाह केला, तेव्हा त्या विवाहाने एका स्त्रीला संसाराबरोबर रंगीत लुगडेही परत दिले. ज्या समाजात वस्त्राचा रंग शिक्षा म्हणून ठरवला जातो, तेथे मनाजोगा रंग निवडणे ही क्षुल्लक बाब राहत नाही.

जातीच्या बाबतीतही हेच. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना जी शिकवण दिली, तीत लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा उल्लेख आवर्जून होता. कमी लेखणाऱ्यांनी लादलेली नेसण्याची तऱ्हा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आणि त्या स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. बाबासाहेबांनी उधळपट्टीचा पुरस्कार कधी केला नाही. पण वस्त्र हे दर्जाचे चिन्ह असते, आणि ते चिन्ह कोणी कोणावर लादावे हा सत्तेचा प्रश्न असतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याच वर्षी, १८७३ च्या डिसेंबरात, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. भटजीवाचून आणि फारशा खर्चावाचून झालेला तो विवाह साधेपणासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्या साधेपणाचा रोख कोठे होता, हे विसरता कामा नये. जोतीरावांची कात्री दक्षिणेवर आणि मध्यस्थावर चालली. वधूच्या आनंदावर ती चाललेली नाही. पुढच्या पिढ्यांनी साधेपणाचे शब्द उचलले, पण त्यांचा रोख पुष्कळदा बदलला. साधेपणाचा आग्रह बहुधा मुलीपुढे धरला गेला. नवरदेवाच्या कोटाची चिकित्सा करणारे अग्रलेख शोधूनही सापडणे कठीण आहे.

नेसायची की द्यायची?

आता बस्त्याच्या गठ्ठ्याकडे पाहू. त्यात वधूसाठी काय असते? अनेक घरांत गौरीहराच्या पूजेसाठी मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री, लग्न लागताना नेसायचा शालू किंवा पैठणी, हिरवी साडी, आणि अलीकडे स्वागतसमारंभासाठी घागरा. नऊवारी नेसण्याची सवय मोडल्यामुळे आता पुण्यात शिवलेली नऊवारीही मिळते. पायजम्यासारखी चढवली की झाले. घागरा भाड्याने देणारी दुकानेही निघाली आहेत. एक दिवस मिरवायच्या वस्त्रासाठी हजारो रुपये न घालवता ते भाड्याने घेणे, हा मध्यमवर्गाने स्वतःच काढलेला तोडगा आहे, आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही.

पण गठ्ठ्यातील साड्या मोजल्या तर वधूच्या वस्त्रांची संख्या थोडी भरते. बाकीच्या साड्या मानपानाच्या असतात. विहीणबाई, नणंदा, जावा, आत्या, माम्या, करवल्या, वरपक्षाकडील थोरामोठ्यांच्या लेकीसुना अशी ती यादी वाढतच जाते. दुकानदार साडी दाखवण्याआधी एक प्रश्न विचारतो: नेसायची की द्यायची? या एका प्रश्नात लग्नाच्या बाजाराचे अर्थशास्त्र सामावले आहे. द्यायच्या साड्यांचे कप्पे वेगळे, भाव वेगळे, कापड वेगळे. ती साडी कोणी नेसणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला ठाऊक असते, आणि जिच्या ओटीत ती पडते तिलाही ठाऊक असते. ती कपाटात जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कोणाच्या ओटीत पडते. वापराची कसोटी ज्या मालाला कधी लागतच नाही, तो माल जास्तीत जास्त स्वस्त आणि जास्तीत जास्त चकचकीत होत जाणे अटळ असते. सुरतेच्या कृत्रिम धाग्याच्या साडीने हा बाजार व्यापला, तो यामुळेच.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली आणि वस्त्राला तीत मोठे स्थान दिले. पण मानपानाची साडी त्याच्या मीमांसेत नीट बसत नाही. येथे देणारा आपल्या श्रीमंतीचे प्रदर्शन करीत नाही. तो बहुधा आपली पायरी मान्य करीत असतो. वधूपित्याने वरपक्षाला नमून राहावे, या व्यवस्थेची ती पावती असते. १९६१ चा हुंडाप्रतिबंधक कायदा हुंडा हा गुन्हा ठरवतो. परंतु रूढीने चालत आलेल्या आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसलेल्या भेटींना तो मोकळीक देतो. अट एवढीच की अशा भेटींची लेखी यादी ठेवावी. यादी कशी ठेवावी याचे नियम १९८५ साली आले. पुण्यातल्या किती लग्नांत अशी यादी होते? मानपान कायद्याच्या याच फटीतून आत येतो आणि एकदा आत आला की त्याला मोजमाप राहत नाही.

वधूला मिळालेली वस्त्रे आणि दागिने हे तिचे स्त्रीधन आहे, सासरची माणसे फार तर त्यांची राखणदार ठरतात, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात दिला. म्हणजे कायद्याने शालू तिचा आहे. निवडीच्या वेळी मात्र गादीवर वडीलधारी बोलतात आणि ती मान हलवते. अंगावर घालायचे तिने, रंग ठरवायचा विहिणीने, पैसे मोजायचे बापाने, ही वाटणी अजून असंख्य घरांत चालू आहे. चळवळीने हस्तक्षेप करायचा असेल तर येथे करावा. वधूच्या निवडीच्या बाजूने आणि मानपानाच्या विरोधात उभे राहावे.

मागावरचा माणूस

बस्त्याच्या बैठकीत एक माणूस कधीच नसतो, तो म्हणजे विणकर. पैठणीचे नाव गोदाकाठच्या पैठणचे असले तरी तिचे मोठे केंद्र आज नाशिक जिल्ह्यातील येवला आहे. तिच्या काठापदरावरचे मोर, पोपट, वेलबुट्टी ही मागावर बसून, रंगारंगाचे धागे हाताने एकमेकांत गुंतवून विणलेली असतात. म्हणूनच अस्सल पदराची उलटी बाजूही सुलट्या बाजूसारखीच दिसते. साध्या पैठणीला काही आठवडे पुरतात. भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात. हे काम एकट्या विणकराचे नसते. रेशीम उकलणे आणि कांड्या भरणे घरातील बायका करतात, आणि त्यांची मजुरी वेगळी कोणी मोजत नाही.

पुष्कळ विणकरांचा माग स्वतःचा असला तरी रेशीम आणि जर व्यापाऱ्याची असते. विणकर साडीमागे ठरलेली मजुरी घेतो. विक्रीच्या किमतीवर त्याचा अधिकार नाही आणि गिऱ्हाईक कोण, हेही त्याला कळत नाही. दुसरीकडे यंत्रमागावर काढलेली हुबेहूब नक्कल त्याच नावाने, कितीतरी कमी भावात बाजारात उभी असते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग कामगारही नगावर राबणारा, लांबलचक पाळ्या करणारा श्रमिकच आहे. भांडण त्याच्याशी नाही. यंत्राचे कापड यंत्राचे म्हणून विकले जावे, यात कोणाचीच हरकत नसावी. हरकत आहे ती हातमागाचे नाव चोरून त्याचीच मजुरी पाडण्याला.

कायदा याबाबतीत मुका नाही. काही वाण फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा संसदेने १९८५ साली केला. सुरुवातीला त्याखाली २२ वाण राखीव होते, आणि त्यांत साडीचे काही प्रकारही होते. यंत्रमागधारक न्यायालयात गेले आणि अंमलबजावणी रखडली. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली कायदा वैध ठरवला. पण १९९६ साली राखीव वाणांची संख्या २२ वरून ११ वर आणण्यात आली. जे न्यायालयात मिळाले ते मंत्रालयात गेले. २००४ साली रेशमासाठी सिल्क मार्क आला, २००६ साली हातमागाचे चिन्ह आले, २०१० साली पैठणीला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. चिन्हे वाढली आणि विणकर घटले. १९८७-८८ च्या गणनेत देशात हातमागावर आणि त्याच्या पूरक कामांवर सुमारे ६७ लाख माणसे होती. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ती सुमारे ३५ लाख उरली. विणकरांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया आहेत, आणि त्या गणनेनुसार सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्याही आत होते. ज्या वस्त्राला महाराष्ट्राचे महावस्त्र म्हणून मिरवले जाते, त्याच्या व्यवसायाची ही स्थिती आहे.

एकट्यादुकट्याच्या सद्भावनेने हे बदलेल, असा भ्रम नको. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० साली आपल्या विवाहवस्त्रासाठी डेव्हन परगण्यातील होनिटन लेस मुद्दाम निवडली, कारण यंत्राच्या स्पर्धेने तेथील लेस विणणाऱ्या बायका डबघाईला आल्या होत्या. काही काळ त्यांना काम मिळाले. पण ती राणीची कृपा होती, बायकांचा हक्क नव्हता. पुढे यंत्राने तो हस्तोद्योग गिळायचा तो गिळलाच. पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबाने अस्सल पैठणी घेतली तर ते चांगलेच आहे, पण विणकराची मजुरी त्या कुटुंबाच्या रसिकतेवर सोडून देता येणार नाही.

कापड आणि कामगार यांचे नाते पुण्याने तोडून टाकल्याची साक्ष स्थानकाजवळच आहे. राजाबहादूर गिरणीत एके काळी कापड निघत होते. आज तिच्या आवारात उपाहारगृहे चालतात. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर जे मोठ्या प्रमाणावर घडले, तेच येथे लहान प्रमाणावर घडले. कापड नाहीसे झाले नाही. कामगार एकत्र जमेल अशी जागा तेवढी नाहीशी झाली.

सुईमागची स्त्री

बस्त्यातून दुसरी अनुपस्थित व्यक्ती म्हणजे शिवणारी स्त्री. लग्नाचा ब्लाउज हे लहानसे वस्त्र असले तरी त्यात श्रम फार असतात. छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, उंची अशी मापे घ्यायची, अस्तर वेगळे कापायचे, कटोरी बसवायची, हूक आणि काजे हाताने करायची, पाठीवर आरीकाम असेल तर एकेक मणी टाचायचा, साडीला फॉल-बीडिंग करायचे. शिवणात आतल्या बाजूला जे जास्तीचे कापड राखतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरले तर ब्लाउज सैल करता यावा, यासाठी ती माया असते. गिऱ्हाइकाच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करून ठेवलेली ही माया बिलात कोठेच येत नाही.

दुकानाच्या पाटीवर एक नाव असते, पण मोठ्या दुकानांचे शिवण पुष्कळदा जनता वसाहत, येरवडा, हडपसर अशा भागांतील घरांत होते. कापलेले कापड पिशवीतून येते आणि शिवलेला ब्लाउज पिशवीतून जातो. यंत्र तिचे, वीज तिची, जागा तिची, सुई मोडली तर तीही तिची. दर नगावर. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत काम आणि चातुर्मासात हात रिकामे. वधूने आरशासमोर उभे राहून मुंढा आवळतो म्हटले की ब्लाउज परत येतो, आणि ती दुरुस्ती बहुधा फुकट करावी लागते. बापाने गादीवर बसून मानपानात घासाघीस केली नाही, विहिणीपुढे शब्द काढला नाही. पण शिलाईच्या पन्नास रुपयांवर मात्र त्याचा आवाज चढतो. सत्तेची उतरंड ती हीच.

कार्ल मार्क्सने भांडवलाच्या पहिल्या खंडात मेरी अॅन वॉकली या वीस वर्षांच्या लंडनच्या शिवणकामगार मुलीची हकीकत नोंदवून ठेवली आहे. १८६३ च्या जूनमध्ये, वेल्सच्या युवराजाशी नुकतेच लग्न होऊन आलेल्या राजकन्येच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ व्हायचा होता. त्यासाठी उच्चकुलीन स्त्रियांची वस्त्रे पुरी करताना ही मुलगी साठ मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास राबली. शुक्रवारी आजारी पडली आणि रविवारी मरण पावली. वस्त्र एका लग्नाच्या आनंदासाठी होते, आणि ते ठरल्या दिवशी हवे होते, एवढेच तिच्या मृत्यूचे कारण. पुण्याची परिस्थिती तंतोतंत तशी आहे असे नव्हे. पण ठरल्या दिवशी हवे, हा शब्द आजही त्याच धारेचा आहे.

ही स्त्री कामगार की स्वतंत्र व्यावसायिक, हा वाद मालक नेहमी उकरून काढतात. त्याला उत्तर केव्हाच मिळाले आहे. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस या आंध्र प्रदेशातील दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली, नगावर मजुरी घेणारे आणि प्रसंगी काम घरी नेणारे शिंपी हे कामगारच आहेत, असा निर्णय दिला. मन पसंत न पडल्यास काम नाकारून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानमालकाला आहे, हे न्यायालयाने नियंत्रणाचे लक्षण मानले. म्हणजे जी फुकटची दुरुस्ती तिच्यावर लादली जाते, तीच तिच्या कामगारपणाचा पुरावा आहे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याची व्याख्या तर अधिकच स्पष्ट होती. दुसऱ्याने दिलेली वस्तू स्वतःच्या घरी शिवून, सुधारून, सजवून वा पुरी करून देणारा बाह्य कामगार तीत नावानिशी अंतर्भूत होता, आणि नगावरच्या कामालाही किमान दर ठरवण्याची तरतूद होती. संसदेने २०१९ साली जी वेतनसंहिता संमत केली, तिच्यातील व्याख्येतून हा स्पष्ट उल्लेख गळला. एक वाक्यांश गेला, आणि घरी बसून शिवणाऱ्या लाखो स्त्रियांना आपण कामगार आहोत हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागेल. घरगुती कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ सालचा आहे. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

यातून चार कामे निघतात.

पहिले, कार्यकर्त्यांच्या घरच्या लग्नात मानपानाची साडी बंद व्हावी, दोन्ही बाजूंनी. समजा, एका बस्त्यात अशा ४० साड्या आहेत आणि प्रत्येकीची किंमत ५०० रुपये आहे. म्हणजे २० हजार रुपये. नकली आणि अस्सल हातमागाच्या साडीतील अंतराचा बराच भाग या रकमेत भरून निघेल आणि शिवणारीला दुप्पट मजुरी देऊनही पैसे उरतील. प्रश्न ऐपतीचा असतो असे म्हणतात. पुष्कळदा तो यादीचा असतो.

दुसरे, वधूचे वस्त्र वधूने निवडावे. तिला खादी हवी असेल तर खादी, शालू हवा असेल तर शालू, भाड्याचा घागरा हवा असेल तर तो. मिळालेल्या वस्तूंची यादी १९८५ च्या नियमांप्रमाणे व्हावी. यात कोणाचा अपमान होत नाही.

तिसरे, दुकानात दोन प्रश्न विचारण्याची सवय लागावी: साडी हातमागाची असल्याचे बिलावर लिहून देता का, आणि ब्लाउज कोठे शिवला जातो व शिवणारीला किती मिळतात? पहिल्या प्रश्नाने विणकराच्या नावाची चोरी अवघड होईल. दुसऱ्याला बहुधा उत्तर मिळणार नाही, आणि ते न मिळणे हाच आंदोलनाचा आरंभ ठरेल. दुरुस्तीचे पैसे वेगळे द्यावेत, आणि आठ दिवसांत हवे असा हट्ट धरू नये, हे सांगायला आंदोलनाचीही गरज नाही.

चौथे काम सर्वांत मोठे आणि सर्वांत कठीण आहे, ते संघटनेचे. शिवणाऱ्या स्त्रिया विखुरलेल्या आहेत आणि काम देणारे अनेक आहेत, म्हणून त्यांची संघटना होत नाही, असे सांगितले जाते. पुण्यातील हमालांबद्दलही एके काळी हेच सांगितले जात होते. एक मालक नाही, एक कारखाना नाही, हजेरीपट नाही. मग संघटना कशी होणार? बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने त्याचे उत्तर दिले, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय मंडळाचा मार्ग खुला केला. मजुरी मंडळाकडे जमा होते, त्यावर मालकाकडून अधिभार घेतला जातो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व इतर हक्क मिळतात. हीच रचना शिवणकामाला लावता येणार नाही, असे कोणतेही सबळ कारण नाही. कापड वाटणाऱ्या दुकानांची आणि शिवणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, नगावरच्या कामाला किमान दर, चातुर्मासातील बेकारीसाठी निर्वाहभत्ता, आणि वेतनसंहितेत बाह्य कामगाराचा उल्लेख परत आणण्याची मागणी, एवढा कार्यक्रम एका शहराच्या शाखेला पुरेसा आहे.

लग्नात मुलीने नटावे आणि आनंदात असावे, याविषयी समाजवाद्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. त्या आनंदासाठी जिने रात्री जागून सुई चालवली, तिला तिच्या श्रमाचे पुरते मोल मिळाले की नाही, हे पाहणे त्याचे काम आहे. प्रत्येक शाखेने येत्या लग्नसराईपूर्वी आपल्या प्रभागातील शिवणाऱ्या स्त्रियांची मोजदाद करावी आणि त्यांना नगामागे किती मिळतात याचे पत्रक काढावे. आरंभ करायला त्या आकड्यांइतके उपयोगी दुसरे काही नाही.